खोक्यातली मोटारसायकल प्रदर्शनात का नको?

या लेखात मी एक तक्रार मांडणार आहे. त्या तक्रारीतील आरोपींमध्ये मी स्वतःही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुका विज्ञान प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावले होते. आम्ही तिघे परीक्षक होतो. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये नेहमीची मंडळी हजर होती : धूर सोडणारा ज्वालामुखी, टाकी भरली की वाजणारी घंटी, पवनचक्की, वाळू-कोळशाच्या तीन बाटल्यांचे जलशुद्धीकरण केंद्र. कोपऱ्यातल्या टेबलावर नववीतल्या एका मुलीने एक मोटारसायकल ठेवली होती. वीतभरही न भरणारी, प्लॅस्टिकची, १:१२ प्रमाणातली. मामाने परदेशाहून आणलेल्या किटमधून जोडलेली.

पहिल्या परीक्षकांनी विचारले, "बाळ, ही चालते का?"

"नाही सर."

दुसऱ्यांनी विचारले, "बरं, मग ही तू स्वतः बनवलीस का?"

"किट होतं सर. मी जोडलं, आणि..."

त्या 'आणि'च्या पुढचे आम्ही कोणीच ऐकले नाही. शेजारच्या टेबलावर घंटी वाजत होती. गुणपत्रिकेतील शेऱ्याच्या रकान्यात 'बाजारातील तयार वस्तू' असे लिहिले गेले. ते अक्षर माझे होते.

चहापाणी झाल्यावर मी सहज त्या बाजूला परत गेलो. मुलगी जेवायला गेली होती. मोटारसायकलच्या मागे वहीचा एक कागद टाचलेला होता. त्यावर तीन रकाने आखले होते : 'खऱ्या गाडीत', 'बाराने भागून' आणि 'किटमध्ये'. पहिली ओळ चाकाच्या स्पोकची होती. शेजारच्या काकांच्या मोटारसायकलचा स्पोक तिने शाळेतल्या स्क्रू गेजने मोजला होता. तो भरला साडेतीन मिलिमीटर. बाराने भागून ०.२९ मि.मी. किटमधला प्लॅस्टिकचा स्पोक मात्र ०.८ मि.मी. जाड. खाली तिने लिहिले होते, 'म्हणजे खऱ्या गाडीत हा स्पोक ९.६ मि.मी. जाड झाला असता. खिडकीचे गज!' म्हणून तिने किटमधले सगळे स्पोक कापून टाकले होते, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ३१ गेजची तार आणली होती, आणि प्रत्येक चाकात छत्तीस तारा स्वतः ओवल्या होत्या. ३१ गेजची तार ०.२९५ मि.मी. जाड असते. अगदी तळाशी दोन ओळी होत्या : 'किट वेगळ्या मोटारसायकलचे आहे, पण स्पोकची जाडी फारशी वेगळी नसावी. तार तांब्याची असल्यामुळे रंग चुकला आहे.'

गुणपत्रिका तोवर कार्यालयात गेल्या होत्या. त्या परत मागता आल्या असत्या. मी मागितल्या नाहीत.

तेव्हापासून या विषयावर माझे एक मत बनत गेले आहे. खोक्यातल्या सूचनापत्रकाबरहुकूम जोडलेले किट म्हणजे विज्ञान नव्हे, याबाबतीत मी माझ्या दोन्ही सहपरीक्षकांशी आजही सहमत आहे. पण जे किट खऱ्या वस्तूशी ताडून पाहिले, ज्यातली चूक मोजून काढली आणि हाताने दुरुस्त केली, ते विज्ञानच आहे. आपल्या प्रदर्शनांतल्या निम्म्याअधिक 'चालत्या' प्रतिकृतींपेक्षा त्यात विज्ञान जास्त आहे, असेही मी म्हणेन.

ज्यांनी असे किट कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खोका उघडला की आत प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात आणि डहाळीला करवंदे लगडावीत तसे त्या चौकटींना सुटे भाग चिकटलेले असतात. इंजिनाचे दोन अर्धे, सायलेन्सर, मडगार्ड, पेट्रोलची टाकी, आसन. मोटारसायकलच्या मोठ्या किटमध्ये असे शंभराहून अधिक भाग असू शकतात. एकेक भाग कापायचा, कानशीने घासायचा, रंगवायचा आणि चिकटवायचा. मोटारींची किटे बहुधा १:२४ किंवा १:२५ प्रमाणात असतात, मोटारसायकलींची बहुधा १:१२ प्रमाणात. हे २४ आणि १२ आकडे कुठून आले, हे फूटपट्टी पाहिली की कळते. एका फुटाला एक इंच धरला तर १:१२, अर्धा इंच धरला तर १:२४.

यातले प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. आपला थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, फक्त हवेने फुगवलेला. किटचा 'गोंद' हा खरे तर गोंद नसतोच. त्यातले द्रावक प्लॅस्टिकचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवते, ते एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जाते आणि दोन भागांचा एकच भाग होतो. लोहार दोन लोखंडे तापवून एकजीव करतो, तसे हे उष्णतेवाचून केलेले जोडकाम आहे. याचा अनुभव फुकटात घ्यायचा असेल, तर पॅकिंगमधून आलेला थर्माकोलचा तुकडा घ्या आणि नागपुरी संत्र्याची साल दुमडून तिच्या तेलाचे तुषार त्यावर उडवा. तुकड्याला बारीक खड्डे पडतील. सालीतले लिमोनिन हे पॉलिस्टायरीनचे द्रावक आहे, आणि किट जोडण्याच्या काही गोंदांत तेच वापरतात. इतर गोंदांत अ‍ॅसिटोन, ब्यूटिल अ‍ॅसिटेट अशी द्रावके असतात. त्यांची वाफ हुंगण्यासारखी नसते. तेव्हा हे काम खिडकी उघडी ठेवून, दिव्यापासून आणि शेगडीपासून दूर करावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. किटमध्ये चुका असतात, आणि त्या असण्याला कारणे असतात. ही कारणे शोधणे हाच माझ्या मते या छंदाचा गाभा आहे.

मोदकाचा साचा आठवा. दोन अर्धे मिटवायचे, आत उकड आणि सारण भरायचे आणि अर्धे सरळ बाजूला करायचे. मोदकावर जिथे दोन अर्धे भेटतात तिथे एक बारीक शीर उमटते. किटच्या प्रत्येक भागावरही अशीच शीर असते, कारण वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरून हे भाग काढलेले असतात. खऱ्या मोटारसायकलच्या नळीवर अशी शीर नसते, म्हणून ती घासून काढावी लागते. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल वण त्यावर असतात. शिवाय जिथे प्लॅस्टिक जाड असते तिथे खळगा पडतो. भांड्यातले तूप थिजताना मध्ये खोलगट होते, त्याचेच हे भावंड. कडा आधी थंड होऊन घट्ट होते, मधला भाग नंतर थंड होताना आकसतो आणि पृष्ठभागाला आत ओढतो. असे खळगे लांबी भरून आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासून सपाट करतात.

या मोदकाच्या साच्यात स्पोकचे चाक मात्र नीट बसत नाही. सायकलचे चाक जवळून पाहा. स्पोक एका सपाट पातळीत नसतात. ते हबच्या दोन कडांपासून निघतात, एकमेकांना ओलांडतात आणि रिमच्या मध्यावर येऊन मिळतात. सरळ बाजूला सरकणाऱ्या दोन अर्ध्यांच्या साच्यातून असा आकार अखंड काढताच येणार नाही. साच्याचा पोलादी भाग स्पोकांच्या मध्ये अडकून बसेल. म्हणून कारखाना स्पोक सपाट करतो. आणि अति बारीक फटीत दाट प्लॅस्टिक पूर्ण पोहोचण्याआधीच थिजते, म्हणून तो स्पोक जाडही करतो. त्या मुलीने जी चूक पकडली ती निष्काळजीपणाची चूक नव्हती. साच्याची मर्यादा होती ती. तारा ओवताना तिला आणखी एक गोष्ट समजली असणार. स्पोक खांबासारखे भार पेलत नाहीत, ते दोरीसारखे ताणलेले असतात. चाक जमिनीवर टेकते तिथल्या स्पोकांचा ताण कमी होतो, बाकीचे ओढून धरतात. एवढ्या बारीक तारेवर माणूस कसा बसतो, याचे उत्तर त्यात आहे.

जाडीचीच दुसरी गोष्ट मोटारीच्या टपाची. किटच्या टपाचे प्लॅस्टिक सुमारे १.२ मि.मी. जाड धरा. चोवीसने गुणा. २८.८ मि.मी.! खऱ्या मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मि.मी. जाडीचा असतो. म्हणजे किटची मोटार हिशोबाने रणगाड्याच्या वंशातली ठरते. उलट प्रामाणिक राहायचे तर टपाची जाडी ०.०३३ मि.मी., म्हणजे वहीच्या कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी हवी. असा टप बोट लागताच चुरगळेल. मग मुरलेले कारागीर काय करतात? ते सगळा टप पातळ करण्याच्या फंदात पडत नाहीत. चाकावरची कमान, खिडकीची चौकट, बॉनेटची कड, जिथे डोळ्याला जाडी दिसते तेवढीच कड आतून तासतात. जिथे दिसत नाही तिथे मजबुती राखतात. याला कोणी फसवणूक म्हणेल. मी याला अभियांत्रिकी म्हणतो.

मोजण्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. टायरचे उदाहरण घ्या. मारुती ८०० ही मोटार १९८३ पासून २०१४ पर्यंत आपल्या देशात बनली, आणि कुठल्या ना कुठल्या गल्लीत ती अजून उभी सापडते. तिच्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. टायरची रुंदी १४५ मि.मी., उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १०१.५ मि.मी., आणि रिमचा व्यास १२ इंच, म्हणजे ३०४.८ मि.मी. व्यासात टायरची उंची दोनदा मिळवायची, वर आणि खाली. बेरीज येते ५०७.८ मि.मी. चोवीसने भागले की २१.२ मि.मी. गाडीला हातही न लावता, मालकाची परवानगी न मागता, तुम्ही १:२४ प्रतिकृतीच्या चाकाचा व्यास काढला! जुन्या बुलेटच्या टायरवर ३.२५-१९ असे दिसेल. तिथे टायरची उंची रुंदीएवढीच धरायची : १९ अधिक दोनदा ३.२५, म्हणजे साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मि.मी. १:१२ मध्ये ५४ मि.मी. आता हातातल्या किटच्या चाकाला पट्टी लावून पाहा. आकडा जुळला तर आनंद आहे. नाही जुळला तर त्याहून आनंद, कारण मग काम सुरू होते.

न जुळण्याची कारणेही मजेदार असतात. जुन्या काळी काही कारखाने आपली सगळी किटे एकाच मापाच्या खोक्यात बसावीत म्हणून प्रतिकृतीचे प्रमाणच बदलून टाकत. प्रमाण मोटारीने नव्हे, खोक्याने ठरवायचे! काही किटांत विजेची मोटर आणि बॅटरी मावावी म्हणून अंग फुगवलेले असे. 'ही चालते का?' या प्रश्नाला 'हो' म्हणता यावे, यासाठी बिचाऱ्या मोटारीला लठ्ठ व्हावे लागले. आमच्या परीक्षकांना ती नक्की आवडली असती.

आकार चोवीसपट लहान केला की सगळेच चोवीसपट लहान होत नाही, हे किटइतके चांगले दुसरे काही शिकवत नाही. मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलो. त्याच धातूंची, त्याच काचेची १:२४ प्रतिकृती केली तर तिचे वजन किती? पुष्कळ विद्यार्थी चोवीसने भागून २७ किलो सांगतात. वीतभर मोटार २७ किलोची! वजन लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींबरोबर घटते, म्हणून २४ चा घन, म्हणजे १३,८२४ ने भागायला हवे. उत्तर येते ४७ ग्रॅम, जेमतेम चार तोळे. आसाची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि ते फक्त ५७६ पटीने घटते. म्हणजे लहान मोटार तिच्या वजनाच्या मानाने चोवीसपट दणकट झाली. पोलादाच्या जागी प्लॅस्टिकचा आस खपून जातो तो यामुळे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हाच विचार हाडांच्या उदाहरणाने मांडला होता. काड्यांचा पूल प्रदर्शनात विटेचा भार पेलतो, म्हणून तशाच आकाराचा खरा पूलही पेलेल असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी आता हे चार तोळे सांगतो.

आणि काही गोष्टी तर लहान होतच नाहीत. चकचकीत मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे कण असतात, साधारण १० ते ३० मायक्रोमीटरचे. तोच रंग डबीतून काढून प्रतिकृतीला लावला तर ती जरीच्या कापडासारखी दिसते, कारण गाडी लहान झाली पण कण तेवढेच राहिले. कण चोवीसपट बारीक करू म्हणाल, तर १५ मायक्रोमीटरचा कण ०.६ मायक्रोमीटरवर येतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर आहे. एवढ्या कणाकडून आरशासारखे काम होत नाही. म्हणजे इथे कारागिराची वाट खुद्द प्रकाशाने अडवली. वाऱ्याचेही तसेच. फॉर्म्युला वनच्या शर्यतींतले संघ वातबोगद्यात लहान प्रतिकृतीवर प्रयोग करतात, पण नियमानुसार ती खऱ्या गाडीच्या ६० टक्क्यांपर्यंतच असते आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटरपर्यंतच. प्रतिकृती जितकी लहान, तितका तिच्यावरून वाहणारा वारा खऱ्या गाडीवरच्या वाऱ्यापेक्षा वेगळा वागतो. २४ पट लहान मोटारीवर तंतोतंत तसाच प्रवाह हवा असेल तर वाराही २४ पट वेगाने सोडावा लागेल, आणि तो ध्वनीच्या वेगापलीकडे जाऊन दुसरेच प्रश्न उभे करील.

कोणी म्हणेल, हे सगळे पुस्तकात आहेच, त्यासाठी महागडे खेळणे कशाला? पुस्तकात आहे, हे मान्य. पण पुस्तकातल्या आसाला कोणी कानस लावत नाही.

किट हा पोरखेळ आहे हा समज मोटारी बनवणाऱ्यांचा तरी कधी नव्हता. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली आणि ती १९६८ पर्यंत चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची असे. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार, १:१२ प्रमाणात, स्वतःच्या हाताने. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळे. त्यांतली कित्येक मुले मोठेपणी मोटारींच्या रचनाकारांत जाऊन बसली. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. आमच्या प्रदर्शनातल्या मुलीला तिथे टेबलही मिळाले नसते, हेही नोंदवून ठेवतो.

१९५८ साली अमेरिकेतल्याच एएमटी कंपनीने अशी किटे काढली की एकाच खोक्यातून मोटार तीन प्रकारे बांधता येई : कारखान्यातून येते तशी, मालकाने बदलून घेतलेली किंवा शर्यतीची. सूचनापत्रकानेच 'तुझे तू ठरव' म्हणावे, ही मला मोठी गोष्ट वाटते. आणि जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीचे शुनसाकू टामिया यांनी तर कमालच केली. पोर्शे ९३४ ची प्रतिकृती करायची होती. छायाचित्रे आणि मापे गोळा करून समाधान होईना, तेव्हा त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती खोलली. ती १:१२ प्रतिकृती १९७६ साली बाजारात आली. आमची नववीतली मुलगी स्क्रू गेज घेऊन शेजारच्या काकांच्या अंगणात गेली, तेव्हा ती याच परंपरेत चालली होती. फरक फक्त गाडी परत जोडून देण्याचा होता.

सुधारणा म्हणजे नुसती जाडी-रुंदी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जुन्या मोटारींच्या किटमध्ये इंजिन असते, पण प्लगच्या तारा बहुधा नसतात. खरी तार साधारण ७ मि.मी. जाड. चोवीसने भागून ०.२९. म्हणजे पुन्हा तीच ३१ गेजची तार! ती घेऊन मूल डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत तारा ओढायला बसते आणि अडते. चार तारा, चार प्लग, पण कोणती कुठे? चार सिलिंडरच्या पुष्कळशा इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. १-२-३-४ का नाही? हा प्रश्न पडला की मूल एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री झाकण काढून दाखवतो. त्या संध्याकाळी त्या मुलाला जे कळते ते फळ्यावर चार पट्ट्यांची आकृती काढून मला तीस वर्षांत फार थोड्यांना समजावता आले.

आता शिक्षकांच्या दोन शंका. पहिली पैशांची, आणि ती खरी आहे. मोटारसायकलचे चांगले किट परदेशी असते आणि त्याला काही हजार रुपये पडतात. प्रत्येक मुलाने ते घ्यावे असे म्हणणे हा अन्याय होईल, आणि ज्याच्या घरी मामा परदेशी नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या दिवशीही बरोबरच होता. म्हणून माझे म्हणणे असे की किट शाळेने घ्यावे, एका वर्गाला एक, आणि वर्षभर पुरवावे. चार मुले चाके मोजतील, चार इंजिन, दोघे रंगाचा प्रयोग करतील. किट परवडतच नसेल तर मारुती ८०० पुठ्ठ्याची करावी. लांबी ३,३३५ मि.मी., रुंदी १,४४० मि.मी. चोवीसने भागले की १३९ आणि ६०. बाकीची मापे गल्लीतल्या गाडीवरून टेपने घ्यावीत. पुठ्ठ्याची जाडी किती ठेवावी, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा.

दुसरी शंका अशी की मुलाने केले किती आणि कारखान्याने केले किती, हे परीक्षकाला कसे कळणार? याला उपाय अगदी साधा आहे. वस्तूपेक्षा शेजारचा कागद आधी तपासावा. खरे माप, भागलेले माप, किटमधले माप, काय बदलले आणि काय राहिले. ज्या मुलाने नुसते चिकटवले असेल त्याचा कागद कोरा राहील. आणि परीक्षकाने 'ही चालते का?' याऐवजी 'ही कुठे चुकली आहे?' असे विचारावे. हा प्रश्न ज्वालामुखीवाल्यालाही विचारायला हरकत नाही.

मात्र या छंदात एक वेडही आहे. त्यापासून सावध केले नाही तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. काही कारागीर स्क्रूच्या डोक्यावरची खाच मोजण्यात दोन-दोन वर्षे घालवतात आणि गाडी कधीच पुरी होत नाही. इतकेच नव्हे, दुसऱ्याच्या मोटारीत एक स्क्रू कमी दिसला की त्याला हिणवतात. मापाचा सोस आणि मापाची समज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोळ्याला जाणवेल आणि कारण सांगता येईल, इतपत सुधारणा पुष्कळ झाली.

पुढच्या वर्षी मी आयोजकांना पत्र लिहून गुणपत्रिकेत 'मोजमाप व पडताळणी' असा एक रकाना घालावा, असे सुचवले. रकान्यांना जागा नाही, असे उत्तर आले. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा लिहिले. या वेळी उत्तरच आले नाही. यंदाही लिहिणार आहे.

त्या मुलीच्या शाळेतही मी एकदा जाऊन आलो. उशीरच झाला होता. ती दहावी होऊन दुसऱ्या गावी शिकायला गेली होती. विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेचे कपाट उघडून मोटारसायकल दाखवली. जाताना तिने ती शाळेला देऊन टाकली होती. धूळ बसली होती, पण बहात्तर तारा ताठ होत्या. मागचा कागदही होता, आणि त्यावर प्रदर्शनानंतर लिहिलेली एक ओळ वाढली होती : 'चेन राहिली. खरी कडी १२.७ मि.मी., म्हणजे १.०६ पाहिजे. किटमध्ये नुसती पट्टी आहे.' मी बाईंना विचारले, वर्गात कोणाला करून पाहायची आहे का? त्यांनी मागच्या बाकावरच्या दोघांना बोलावून घेतले.